खुन्नस जिंकून देते का? बेसबॉलमधल्या एका जुन्या वादाचा आढावा

१९४६ च्या जुलैत ब्रुकलिन डॉजर्सचा मॅनेजर लिओ ड्यूरोशर सामन्याआधी पत्रकारांशी गप्पा मारत होता. प्रतिस्पर्धी होता न्यूयॉर्क जायंट्स. त्यांचा मॅनेजर मेल ऑट म्हणजे सगळ्यांना आवडणारा सज्जन गृहस्थ. ड्यूरोशरने त्या संघाकडे हात करून सांगितलं, की ही सगळी भली माणसं आहेत आणि ती सातव्या नंबरावर आहेत. कर्णोपकर्णी जाताना शेऱ्याला धार चढली, ‘भली माणसं शेवटीच राहतात’ अशी त्याची म्हण झाली, आणि १९७५ साली ड्यूरोशरच्या आत्मचरित्राला तेच शीर्षक लागलं. जायंट्स त्या वर्षी खरोखरच आठात आठवे आले. पण ड्यूरोशरचे भांडकुदळ डॉजर्सही जिंकले नाहीत. सेंट लुईस कार्डिनल्सशी बरोबरी झाल्यावर निर्णायक लढतीत ते हरले. ही दुसरी बाजू म्हणीत येत नाही, आणि गेल्या सव्वाशे वर्षांच्या वादाची गोमही तिथेच आहे.

संघ जिंकण्यासाठी अंगात कणखरपणा, खुन्नस, ‘आम्ही कुणाला जुमानत नाही’ असा पवित्रा लागतो का, की चांगले पिचर आणि चांगले बॅटर असले म्हणजे झालं? मराठी वाचकाला हा वाद परका नाही. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला, त्याचं श्रेय मुंबईच्या ‘खडूस’ क्रिकेटला देण्याची आपल्याकडे रीत आहे. संघ खडूस होता म्हणून जिंकला, की वाडेकर-गावसकरांसारखे फलंदाज असल्यामुळे खडूसपणा परवडला, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही. अमेरिकेत बेसबॉलबाबत ते विचारलं गेलं आणि आकडे मांडून तपासलंही गेलं, म्हणून तिथला आढावा घेण्यासारखा आहे.

हाणामारीचा वारसा

वादाचं मूळ १८९० च्या दशकातल्या बाल्टिमोर ओरिओल्सपर्यंत जातं. मैदानावर तेव्हा बहुधा एकच पंच असे, आणि त्याची पाठ वळली की ओरिओल्सचा तिसऱ्या बेसवरचा जॉन मॅकग्रॉ धावायला निघालेल्या खेळाडूचा कमरपट्टा मागून धरून ठेवी. या संघाने १८९४ ते १८९६ सलग तीनदा लीग जिंकली आणि दांडगाई हेच जिंकण्याचं शास्त्र ठरलं. पुढे मॅकग्रॉ न्यूयॉर्क जायंट्सचा मॅनेजर झाला, तीस वर्षं राहिला, आणि पंचांच्या अंगावर धावून जाणं ही त्याची ओळख बनली. त्याच काळात फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचा मॅनेजर कॉनी मॅक नेमका उलट होता. तो गणवेश घालत नसे. ताठ कॉलरचा सूट घालून बाकावर बसे आणि हातातल्या स्कोअरकार्डने क्षेत्ररक्षकांना जागा दाखवी. वर्ल्ड सिरीजमध्ये हे दोघे तीनदा समोरासमोर आले. १९०५ मध्ये मॅकग्रॉ जिंकला, १९११ आणि १९१३ मध्ये मॅक. शिवाय मॅकग्रॉचा १९०५ चा विजय ज्याच्या जोरावर झाला, तो पिचर क्रिस्टी मॅथ्यूसन कॉलेजात शिकलेला, धर्मनिष्ठ, रविवारी चेंडू न टाकणारा मवाळ माणूस होता. त्याने सहा दिवसांत तीन सामने टाकले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव दिली नाही.

मॅकची गोष्ट इथे संपवली तर सज्जनपणाची जाहिरात होईल. १९१४ नंतर पैशाच्या तंगीमुळे त्याचे चांगले खेळाडू एकेक करून गेले, आणि १९१५ ते १९२१ अशी सलग सात वर्षं त्याचा संघ तळाला राहिला. मॅनेजर तोच, स्वभाव तोच, कॉलरही तीच. बदलले ते फक्त खेळाडू. १९२९ आणि १९३० साली पुन्हा उत्तम खेळाडू हाताशी आले आणि मॅक पुन्हा जिंकला. एकाच स्वभावाचा माणूस पहिलाही येतो आणि शेवटचाही येतो, तेव्हा निकालाचं कारण स्वभावात शोधणं अवघड होतं. टाय कॉबबाबत तेच. बेसबॉलच्या इतिहासातला सर्वांत खुनशी खेळाडू अशी त्याची ख्याती आहे. अलीकडच्या चरित्रकारांच्या मते त्यातला बराच भाग तिखटमीठ लावलेला. ख्याती खरी मानली तरी त्याच्या डेट्रॉइट टायगर्सने १९०७, १९०८ आणि १९०९ अशा तीन वर्ल्ड सिरीज खेळल्या आणि तिन्ही गमावल्या.

खुन्नसवाद्यांचं म्हणणं

तरीही या बाजूला किस्स्यांपलीकडे काही नाही असं समजणं अन्यायाचं होईल. त्यांचा युक्तिवाद असा: बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा. जवळजवळ रोज सामना, रात्रीचे प्रवास, आणि उत्तम बॅटरसुद्धा दहापैकी सात वेळा अपयशी. अशा रगाड्यात कौशल्य सगळ्यांकडेच असतं. टिकतो तो पडल्यावर पुन्हा उभा राहणारा. शिवाय पिचर आणि बॅटर यांच्यात १८ मीटरांवर चाललेली ही समोरासमोरची झुंज आहे. बॅटर बिनधास्त पुढे झुकून बाहेरचा चेंडू टोलवू लागला, तर पिचरने एखादा चेंडू त्याच्या बरगड्यांजवळून काढलाच पाहिजे, म्हणजे बाहेरचा अर्धा भाग पुन्हा पिचरचा होतो. १९६० च्या दशकातला डॉजर्सचा डॉन ड्रायसडेल हे तत्त्व उघडपणे पाळत असे. कारकिर्दीत त्याने १५४ बॅटरांना चेंडू मारले. १९७२ ते १९७४ सलग तीन वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या ओकलंड ॲथलेटिक्सचे खेळाडू तर एकमेकांवरच हात टाकत. १९७४ मध्ये रेजी जॅक्सन आणि बिल नॉर्थ यांची मारामारी सोडवताना कॅचर रे फॉसी मानेला दुखापत करून बसला. वर्ष अखेर जिंकलं ते ओकलंडच.

ही उदाहरणं खरी आहेत, पण शेजारची उदाहरणं घेतली की निष्कर्ष ढिला पडतो. ड्रायसडेलच्याच संघात, त्याच वर्षांत, सॅन्डी कूफॅक्स खेळत होता. त्या काळातला सर्वश्रेष्ठ पिचर म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं, आणि त्याने सबंध कारकिर्दीत मारलेले बॅटर अवघे १८. डॉजर्सने १९६३ आणि १९६५ ची वर्ल्ड सिरीज या दोघांच्या जोरावर जिंकली, त्यामुळे ‘अंगावर चेंडू टाकल्याशिवाय चालत नाही’ म्हणणाऱ्याला त्याच कपाटातून विरुद्ध पुरावा काढून दाखवता येतो. त्यात चेंडू लागलेल्या बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, म्हणजे सरासरीने सुमारे एक तृतीयांश धावेचं नुकसान. धाक बसवण्याचा फायदा याहून मोठा असेल तर सौदा परवडतो, पण तो फायदा मोजून दाखवणं खुन्नसवाद्यांना अजून साधलेलं नाही. उलट रिचर्ड लॅरिक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अनेक दशकांच्या सामन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या सहकाऱ्याला आधी चेंडू लागलेला असेल, तर पिचरने उलट चेंडू मारण्याची शक्यता तापमानाबरोबर वाढते, असं त्यात दिसलं. डोकं थंड ठेवून आखलेला डावपेच उन्हाबरोबर बदलला नसता.

बोस्टनची एक दुपार

खुन्नसवाद्यांचा हुकमी एक्का म्हणजे २४ जुलै २००४ चा फेनवे पार्कमधला सामना. बोस्टन रेड सॉक्स न्यूयॉर्क यांकीजच्या साडेनऊ सामने मागे होते. ब्रॉन्सन अरोयोचा चेंडू ॲलेक्स रॉड्रिगेजला लागला, रॉड्रिगेज शिव्या देत पहिल्या बेसकडे निघाला, मध्ये कॅचर जेसन व्हॅरिटेक आडवा आला, आणि चेहऱ्यावरचा मास्क न काढताच त्याने ग्लोव्ह रॉड्रिगेजच्या तोंडावर दाबला. दोन्ही संघ मैदानावर धावले. शेवटच्या डावात बोस्टनने मारियानो रिव्हेरासारख्या पिचरला होम रन मारून सामना ११-१० असा जिंकला. ऑक्टोबरात त्याच यांकीजविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून मालिका फिरवली आणि १९१८ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज मिळवली. व्हॅरिटेकच्या त्या ग्लोव्हचा फोटो बोस्टनमध्ये आजही भिंतींवर दिसतो, आणि ‘त्या दिवशी संघाला कणा फुटला’ ही कथा तिथे जवळपास धर्मश्रद्धा आहे.

कॅलेंडर काढलं तर कथा जरा हलते. मारामारीनंतरचे तीन आठवडे बोस्टन बरं खेळलं, झपाटल्यासारखं नव्हे. खरी घोडदौड ऑगस्टच्या मध्यानंतर सुरू झाली. मधल्या काळात ३१ जुलैला संघाने आपला लाडका तारा नोमार गार्सियापारा दुसऱ्या संघाला दिला आणि क्षेत्ररक्षण भक्कम करणारे ओर्लान्दो काब्रेरा आणि डग मिंटकेविच घेतले. त्याच दिवशी डेव्ह रॉबर्ट्स नावाचा वेगवान धावपटूही आला. यांकीजविरुद्धच्या चौथ्या सामन्यात नवव्या डावात दुसरा बेस चोरून मालिकेला कलाटणी दिली ती याच रॉबर्ट्सने. म्हणजे जुलैच्या अखेरच्या एका आठवड्यात एक मारामारी आणि एक मोठी अदलाबदल अशा दोन गोष्टी घडल्या. त्यातली कोणती कामी आली, हे एका हंगामावरून सांगता येत नाही. लोकांनी मारामारी निवडली, कारण तिचा फोटो होता.

ड्यूरोशरचं स्वतःचं यशही असंच दुपेडी आहे. १९४८ मध्ये तो त्याच ‘भल्या माणसांच्या’ जायंट्सचा मॅनेजर झाला, आणि १९५१ च्या ऑगस्टात साडेतेरा सामने मागे पडलेल्या या संघाने पहिला क्रमांक खेचून आणला. पन्नास वर्षं ही जिद्दीची अमर कथा होती. २००१ मध्ये पत्रकार जोशुआ प्रेगर यांनी उघड केलं, की जायंट्सने त्यांच्या मैदानात मधल्या सीमेपलीकडे दुर्बीण लावून प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा चोरल्या होत्या. दुर्बिणीचा फायदा किती झाला यावर मतभेद आहेत. त्याच हंगामात विली मेज हा वीस वर्षांचा नवखा मुलगा संघात आला, पहिल्या तीन सामन्यांत बाराही वेळा अपयशी ठरला आणि पुढे निराशेने रडू लागला, तेव्हा या कडवट मॅनेजरने त्याला झापलं नाही. मी इथे आहे तोवर मधली जागा तुझीच, असं सांगून त्याला धीर दिला. ड्यूरोशरची म्हण सगळ्यांना पाठ आहे, हे वागणं कमी जणांना.

आकडेवाल्यांचा आक्षेप

१९७१ मध्ये अमेरिकन बेसबॉल संशोधन संस्था स्थापन झाली आणि किस्स्यांना आकड्यांनी उत्तर देण्याची परंपरा रुजली. डिक क्रेमर यांनी १९७७ साली सरळ प्रश्न विचारला: मोक्याच्या क्षणी खेळ उंचावणारे बॅटर खरोखर असतात का? १९६९ मध्ये मोक्यावर चमकलेले खेळाडू १९७० मध्येही चमकले का, हे त्यांनी तपासलं. दोन वर्षांत काही मेळ लागला नाही. म्हणजे ‘दबावात फुलणारा’ हे बिरुद बहुधा योगायोगाला दिलेलं नाव होतं. पुढची कित्येक वर्षं आकडेवाल्यांचं हे ब्रह्मवाक्य राहिलं.

दुसरा आक्षेप योगायोगाच्या आकारमानाचा आहे. प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा मानला तरी १६२ सामन्यांत विजयांची संख्या नुसत्या नशिबाने सहा-साडेसहाने वर-खाली होते. बाद फेरीत तर विचारूच नका. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के असलेला, म्हणजे स्पष्टपणे सरस संघ, सातच्या मालिकेत साधारण ६१ टक्के वेळाच जिंकतो. २००१ मध्ये सिॲटल मरिनर्सने ११६ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीज गाठलीच नाही. २००६ मध्ये कार्डिनल्सने अवघे ८३ जिंकले आणि विजेतेपद नेलं. २०२३ मध्ये शंभरच्या वर विजय मिळवलेले बाल्टिमोर आणि अटलांटा लवकर गारद झाले आणि अंतिम मालिका ९० विजयांचा टेक्सास व ८४ विजयांचा ॲरिझोना यांच्यात झाली. अशा निकालांनंतर वर्तमानपत्रं हरणाऱ्यांत धमक नव्हती असं लिहितात. आकडेवाल्यांच्या मते ते आधी निकाल पाहतात, मग स्वभाव शोधतात.

मायकेल लुईस यांच्या २००३ च्या ‘मनीबॉल’ने ही बाजू घरोघरी नेली. पण त्या पुस्तकाचा नायक बिली बीन हाच त्या बाजूला अडचणीचा ठरतो. त्याला १९८० मध्ये मेट्सने पहिल्या फेरीत निवडलं होतं. शरीर, वेग, ताकद, सगळं होतं. अपयश मात्र सोसत नसे. बाद झाला की राग अनावर होई. त्याच संघातला लेनी डायक्स्ट्रा अंगाने बारीक, पण झालेलं अपयश क्षणात विसरणारा. टिकला डायक्स्ट्रा. म्हणजे आकड्यांचं बायबल ज्याच्यावर लिहिलं गेलं, त्याची स्वतःची कारकीर्द स्वभावाने बुडवली होती. फक्त त्याला खुन्नस कमी पडली नव्हती. ती जास्तच होती.

आकडेवाल्यांच्या छावणीतूनही पुढे दुरुस्ती आली. याच छावणीतल्या बिल जेम्स यांनी नंतर मांडलं, की एखादी गोष्ट या चाळणीत सापडली नाही म्हणून ती नाहीच असं म्हणता येत नाही. चाळणीची भोकंच मोठी असू शकतात. टॉम टँगो आणि सहकाऱ्यांना जास्त माहिती आणि बारीक पद्धती वापरल्यावर मोक्यावर खेळण्याचा गुण सापडला, पण इतका लहान की एखाद्या खेळाडूत तो आहे का हे ओळखायला कारकीर्द उलटून जावी.

मानसशास्त्राची वेगळी वाट

१९३८ मध्ये शिकागो कब्सच्या मालकाने कोलमन ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाला नेमलं तेव्हा मॅनेजर चार्ली ग्रिमने त्याला उभं केलं नाही. आज बहुतेक संघांत मानसिक प्रशिक्षक असतो. या बदलाला पाठबळ देणाऱ्या अभ्यासांत रोनाल्ड स्मिथ आणि डोनाल्ड ख्रिस्टेन्सेन यांचा १९९५ चा अभ्यास महत्त्वाचा. त्यांनी दुय्यम लीगमधल्या १०४ खेळाडूंची शारीरिक कौशल्यं आणि मानसिक गुण वेगवेगळे मोजले आणि नंतर कोण टिकलं ते पाहिलं. मानसिक गुणांचं वजन स्पष्ट दिसलं, विशेषतः पिचरांच्या बाबतीत. त्यांनी मोजलेले गुण असे होते: संकटाला तोंड देणं, दबावात खेळणं, उद्दिष्ट ठरवणं, एकाग्रता, चिंतेपासून मोकळीक, आत्मविश्वास आणि प्रशिक्षकाचं ऐकून घेण्याची तयारी. या यादीत आक्रमकता नाही. पवित्रा नाही. शेवटचा गुण तर ‘कुणाला जुमानत नाही’च्या बरोबर उलट आहे.

खेळाच्या यंत्रणेशी हे जुळतं. पिचरच्या हातून सुटलेला चेंडू साधारण ०.४ सेकंदात बॅटरपर्यंत येतो, आणि फिरवायचं की नाही हा निर्णय त्याच्याही निम्म्या वेळात घ्यावा लागतो. आवळलेल्या मुठींनी आणि ताठलेल्या खांद्यांनी बॅट उशिरा फिरते. अमेरिकन फुटबॉलमध्ये संतापाला अंग आदळायला जागा मिळते. इथे तो बहुतेक वेळा वाया जातो. मे २०१६ मध्ये टेक्सासच्या रूगनेड ओडोरने टोरांटोच्या होजे बाउटिस्टाला दुसऱ्या बेसवर जबड्यात ठोसा लगावला आणि तो टेक्सासमध्ये हिरो झाला. ऑक्टोबरात याच दोन संघांच्या मालिकेत टोरांटो सरळ तीन सामन्यांत जिंकलं, आणि शेवटची धाव आली ती ओडोरने पहिल्या बेसकडे वाकडा फेकलेल्या चेंडूवर. याला पुरावा म्हणता येणार नाही, पण ठोशाचा फोटो दाखवणाऱ्याने हा फेकलेला चेंडूही दाखवायला हवा.

माझ्या मते सर्वांत वजनदार मुद्दा निवडीचा आहे. शाळा, कॉलेज, मग दुय्यम लीगच्या एकेक पायऱ्या चढत वरच्या लीगमध्ये पोचेपर्यंत अपयश न पेलवणारे बहुतेक गळलेले असतात. खेळाडू हेरणारे स्काउट या गुणाला ‘मेकअप’ म्हणतात आणि त्याचा शेरा वेगळा लिहितात. चाळणीतून वर आलेले सगळेच बऱ्यापैकी कणखर असतील, तर कणखरपणा आवश्यक असूनही एका संघाला दुसऱ्यापेक्षा वर नेण्यात त्याचा वाटा थोडा राहील. जुनेजाणते आणि आकडेवाले दोघेही बरोबर असू शकतात, ते असे: पहिले खेळाडू कसा घडतो ते सांगतात, दुसरे संघ एकमेकांहून वेगळे कशाने ठरतात ते.

यावर आक्षेप असा, की वर पोचलेलेही मोडतात. पिट्सबर्गचा स्टीव्ह ब्लास १९७१ च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना जिंकणारा पिचर. दबाव पेलण्याचा याहून मोठा दाखला नसेल. १९७२ मध्ये त्याने १९ सामने जिंकले. १९७३ मध्ये त्याला सरळ चेंडू टाकता येईना. ८८ डावांत ८४ बॅटरांना त्याने चौथ्या चुकीच्या चेंडूवर फुकट बेस दिला. हात दुखत नव्हता. आक्षेप बिनतोड आहे, मन वरच्या पातळीवरही निकाल ठरवतं. पण ब्लासला धमक कमी होती असं कोण म्हणेल? मानसिक बळ हा कायमचा गुण नसून अवस्था आहे, असं या उदाहरणातून जास्त दिसतं, आणि अवस्थेवरून संघ निवडणं कठीण.

१९४७ मध्ये कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून खेळू लागला तेव्हा संघाचा प्रमुख ब्रांच रिकीने त्याच्याकडून खुन्नशीच्या नेमकं उलट मागितलं होतं: शिव्या, वर्णद्वेष, अंगावरचे चेंडू सोसून उलट न बोलण्याची हिंमत. डॉजर्सने त्या वर्षी लीग जिंकली. मात्र १९४९ मध्ये हे बंधन सैल झाल्यावर रॉबिन्सनने सर्वोत्तम हंगाम खेळून मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयरचा मान मिळवला, याचीही नोंद घ्यायला हवी. कुणाला संयम मानवतो, कुणाला मोकळीक. आणि रॉबिन्सनवर संयम लादणारी परिस्थिती इतर खेळाडूंवर नव्हती.

जपानची साक्ष

जपानने कणखरपणाचं संपूर्ण तत्त्वज्ञान उभं केलं. तोबिता सुइशू यांनी बेसबॉलला मार्शल आर्टसारखी साधना मानलं; केस कापलेली मुलं, हाडं मोडेपर्यंत सराव आणि १९१५ पासूनची शालेय स्पर्धा, जी पुढे कोशिएन मैदानाच्या नावाने ओळखली जाऊ लागली, ही त्याची रूपं. १९९८ मध्ये कोशिएनवर माट्सुझाका दाइसुके याने १७ डावांत २५० चेंडू टाकले आणि तो राष्ट्रीय नायक झाला. जपानी बेसबॉलचा दर्जा पाहता ही पद्धत निष्फळ म्हणता येत नाही. पण २०२० पासून त्या स्पर्धेत एका पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा आली, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात केस वाढवण्याची मुभा देणाऱ्या, खेळ आनंदाने खेळा असं सांगणाऱ्या केइओ हायस्कूलने १०७ वर्षांनी ही स्पर्धा जिंकली. शिस्तवाद्यांच्या गावातच हे घडल्याने चर्चा जोरात झाली. एका विजयावरून नवं तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही, हा नियम मात्र केइओलाही लागू आहे.

न सुटलेले प्रश्न

आजचा जिवंत वाद खुन्नसपेक्षा संघातल्या मेळाबद्दल आहे. २०१६ च्या शिकागो कब्समध्ये डेव्हिड रॉस हा ३९ वर्षांचा, आकड्यांनी साधारण कॅचर होता; सहकारी त्याला संघाचा आत्मा म्हणत, आणि कब्सने १९०८ नंतर प्रथमच विजेतेपद जिंकलं. स्कॉट ब्रेव्ह आणि सहकाऱ्यांनी त्याच्या नावानेच एक अभ्यास मांडला: खेळाडूंच्या वैयक्तिक आकड्यांची बेरीज आणि संघाची खरी कामगिरी यांतला फरक कोण कुणाबरोबर खेळतं यावरून समजतो का? त्यांना काही प्रमाणात होकार मिळाला. कॅटरिना बेझ्रुकोवा आणि चेस्टर स्पेल यांनी वय, वंश, देश आणि पगार यांवरून संघात पडणाऱ्या फटींचा परिणाम काही विजयांइतका असू शकतो असं दाखवलं. आक्षेप जुनाच आहे: जिंकणारा संघ आनंदी असतो, त्यामुळे आनंदाने विजय आला की विजयाने आनंद, हे वेगळं काढता आलेलं नाही. एकमेकांना ठोसे लगावत तीनदा जिंकलेलं ओकलंड तर या सिद्धांताच्या घशातला काटाच आहे.

‘पवित्रा’ कशाला म्हणायचं, यावरही एकमत नाही. २०१५ च्या बाद फेरीत बाउटिस्टाने होम रननंतर बॅट भिरकावली, तेव्हा जुन्या अमेरिकन खेळाडूंना तो माज वाटला. डोमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलात ती नेहमीची गोष्ट आहे. २०१८ मध्ये लीगने स्वतःच्या जाहिरातीत पोरांना खेळू द्या असं सांगितलं, म्हणजे कालचा उद्दामपणा आज उत्साह झाला. ज्या गुणाची व्याख्या पिढीगणिक आणि देशागणिक बदलते, त्याचा निकालाशी संबंध मोजणाऱ्याला आधी कोणती व्याख्या घेतली ते सांगावं लागेल, आणि बहुतेक लेखन ते सांगत नाही. शिवाय संघांकडे आता खेळाडूंच्या झोपेची, ताणाची आणि मानसिक चाचण्यांची माहिती जमते, पण ती तिजोरीत राहते. त्यामुळे हा वाद सार्वजनिक व्यासपीठावर जुन्याच किस्स्यांवर चालेल, आणि ज्यांच्याकडे तो पुढे नेण्याइतका पुरावा असेल त्यांना तो प्रसिद्ध करण्यात काही फायदा नाही.